एका वर्षाच्या ठेक्यात शेणखत कोण घालणार?

रासायनिक खतांनी जमिनी नासल्या, अशी तक्रार आपल्या मंडळींच्या बैठकीत हमखास निघते. तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांची वडिलोपार्जित शेती देपालपूर, सांवेर किंवा महूकडे, राहणे इंदुरात, आणि जमीन दरवर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास ठेक्याने दिलेली. आम्हीही त्यातलेच. म्हणूनच सगळा दोष यूरियाच्या पोत्यावर ढकलणे आम्हाला पटत नाही.

हिशेब करून पाहू. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का. म्हणजे 10 टनांत 50 किलो, आणि त्यातले पहिल्या वर्षी पिकाला मिळते जेमतेम एक तृतीयांश. बाकीचे पुढच्या वर्षांत. यूरियाच्या 45 किलोच्या पोत्यात नत्र 46 टक्के, म्हणजे 20 किलोंहून जास्त, तेही लगेच, आणि अनुदानामुळे 300 रुपयांच्या आत. ज्याचा ठेका पुढच्या वैशाखात संपणार, तो ट्रॉल्या भरभरून शेणखत आणेल कशाला? त्याच्या खताचे पीक पुढचा ठेकेदार खाणार. तो यूरिया टाकतो, गहू निघाला की नरवाई पेटवतो आणि मोकळा होतो. त्याच्या जागी आम्ही असतो तर हेच केले असते.

सरकारी धोरणही त्याला तिकडेच ढकलते. 2010 मध्ये स्फुरद-पालाशाच्या खतांचे अनुदान अन्नद्रव्यांच्या प्रमाणात बांधले गेले, यूरिया मात्र त्यातून वगळला. यूरिया स्वस्त राहिला, बाकीची खते महागली, आणि शेतकरी स्वस्त तेच जास्त टाकू लागला. यावर कोणत्याच पक्षाचा पुढारी बोलत नाही, मते जातात ना!

मात्र 'पोते नकोच' म्हणणाऱ्यांशीही आम्ही सहमत नाही. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीत सोयाबीन-गव्हावर 1972 पासून दीर्घ मुदतीचा प्रयोग चालला आहे. नुसते नत्र दिलेले वाफे मागे पडले. नत्र, स्फुरद, पालाश यांच्या पूर्ण मात्रेसोबत शेणखत मिळालेले वाफे पुढे राहिले. दोन्ही लागतात.

खरे तर इंदूरकरांना हे बाहेरून शिकायला नको. आल्बर्ट हॉवर्ड 1924 ते 1931 येथेच होते, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या जागेवर. त्यांचे सहकारी यशवंत वाड. कंपोस्टाच्या पद्धतीवरील 1931 चे पुस्तक दोघांच्या नावावर आहे. कपाशीच्या कडक पऱ्हाट्या रस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडायच्या, मग तण, काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख खड्ड्यात रचायची, तीनदा उलथापालथ, तीन महिन्यांत खत. 'इंदूर पद्धत' या नावाने ती जगभर गेली. आमच्या शेतात मात्र तेच काड उन्हाळ्यात जळते.

ठेका तीन वर्षांचा करावा, असे आम्ही सुचवतो. पहिल्या वर्षी शेणखताची अट, त्या बदल्यात ठेक्याची रक्कम कमी, नरवाई जाळायची नाही. जमीन बळकावली जाईल ही भीती जुनी आहे, पण मध्यप्रदेशात 2016 च्या कायद्याने बटाईचा लेखी करार करता येतो आणि मालकी अबाधित राहते. तोंडी व्यवहारच जास्त धोक्याचा. आमच्या घरात यावर एकमत झालेले नाही. थोरल्या बंधूंना रक्कम कमी करणे मान्य नाही. येत्या अक्षय्य तृतीयेपूर्वी त्यांना राजी करायचे आहे.