पद्मिनीचा कमरपट्टा

दागिन्यांविषयी लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. परंतु आमच्या पद्मिनीला यंदा पावसाळा सरताना कमरपट्टा केला, त्याची हकिकत वाचकांच्या कानावर घातल्यावाचून राहवत नाही. पद्मिनी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली आमची १९७८ सालची मोटार, वडिलांच्या हातची.

कायद्याचे म्हणाल तर तिला पट्ट्यांची गरज नव्हती. पुढच्या आसनांना पट्टे देण्याची सक्ती कारखानदारांवर आली ती १९९४ पासून. पण चिरंजीवांनी निक्षून सांगितले, "बाबा, पट्टे बसेपर्यंत छकुली या गाडीत बसणार नाही." आजोबांच्या गाडीत नातीने बसायचे नाही, मग ती गाडी ठेवायची कशाला? जुन्या गाड्यांचे शौकीन असलेले आमचे एक स्नेही हळहळले, "मूळ रूप बिघडेल हो!" मला ते पटले नाही. तीन ठिकाणी बांधणारा पट्टा स्वीडनच्या नील्स बोलिन यांनी १९५९ साली व्होल्वो गाडीसाठी तयार केला, आणि व्होल्वोने तो इतर कारखानदारांनाही वापरू दिला. म्हणजे पट्टा आमच्या पद्मिनीपेक्षा वयाने मोठाच!

आता खरा मुद्दा. पट्टा विकत मिळतो. तो कशाला बांधायचा हा प्रश्न असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर ७० किलोच्या माणसाची ओढ सुमारे १,४०० किलोची होते. या गाडीला वेगळी चॅसी नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा. नुसते भोक पाडून बोल्ट आवळला तर तो पत्र्यासकट उपटून येईल. म्हणून खालून जाड पोलादी पट्टी वेल्ड करावी लागते, आणि त्याआधी पत्रा टोचून पाहावा लागतो. गंजक्या पत्र्याला पट्टा बांधणे म्हणजे वाळवी लागलेल्या तुळईला झोपाळा टांगणे. आमच्या गाडीचा उंबऱ्यालगतचा पत्रा दोन्ही बाजूंनी बदलावा लागला. पट्ट्यांहून त्याचाच खर्च जास्त.

आपोआप गुंडाळणाऱ्या पट्ट्याची चक्री मोठी गमतीची असते. तिच्या पोटात वाटीत ठेवलेली एक पोलादी गोळी असते. गाडीला जोराचा ब्रेक लागला की गोळी घरंगळते, खटका उचलते आणि चक्री जाम होते. पट्ट्याला हिसका बसला तरी ती अडकते. एरवी सावकाश ओढा, मुकाट्याने सुटते. पण गोळीला सरळ-तिरके कळते! आमच्या मेकॅनिकने पुढच्या खांबाची चक्री मागच्या काचेखालच्या फळीवर तिरपी बसवली, तर पट्टा वीतभरही सुटेना. "काका, माल खराब आहे," तो म्हणाला. माल उत्तम होता. त्या कोनासाठी वेगळी चक्री मिळते, ती आणली. मोडीत निघालेल्या गाडीचा पट्टा स्वस्तात देऊ करणारेही भेटले. एकदा अपघाताचा ताण सोसलेला पट्टा पुन्हा भरवशाचा राहत नाही, तेव्हा तो फुकटही घेऊ नये.

वरचा बोल्ट खांद्याच्या खाली येता कामा नये, नाहीतर धक्क्यात पाठीचा कणा दाबला जातो. खालचा पट्टा पोटावरून न जाता कमरेच्या हाडांवरून जायला हवा. सौभाग्यवतींनी प्रथम तो निऱ्यांच्या वर घेतला होता. समजावल्यावर खाली सरकवला, पण इस्त्री मोडल्याचा ठपका मजवरच आला.

छकुली मागे, तिच्या उंचीच्या मुलांसाठी असते त्या उंच गादीवर बसते, म्हणजे पट्टा गळ्याला काचत नाही. पुढचे आसन पूर्वी तिघांचे. मधल्या जागेला पट्टा नाही, म्हणून तिथे आता कुणाला बसवत नाही. चकल्यांचा डबाही आम्ही डिकीत ठेवतो.