राखणीचा कुत्रा आणि घरची माणसे



नेऱ्याहून (ता. पनवेल) एका वाचकभाऊंचे पत्र आले आहे. घर रस्त्याच्या कडेला, मागे भाताची खाचरे, बाजूला कोंबड्यांची लहानशी शेड. राखणीसाठी दोन वर्षांपूर्वी गावठी कुत्र्याचे पिलू आणले. दिवसा ते ओटीच्या खांबाला साखळीने बांधलेले असते, रात्री मोकळे. आता ते येईल त्याच्या अंगावर धावते. शेजारच्या शाळकरी मुलाच्या पोटरीला त्याने दात लावले. गेल्या महिन्यात शेडची जाळी उचकटून तीन कोंबड्या मारल्या. पंपाची वायर चोरीला गेली त्या रात्री मात्र महाराज शेपूट घालून पडवीत बसले होते! वडील म्हणतात, साखळी आखूड करा. घरची बाई म्हणते, कुणाला तरी देऊन टाका. मुलगा म्हणतो, बंगलेवाल्यांकडे कुत्रे शिकवायला माणूस येतो, तो बोलावू. आणि पत्राच्या शेवटी भाऊ विचारतात, "कुत्रा बिघडला, की त्याची जातच अशी?"

उत्तराआधी त्या मुलाचे पाहू. दात लागले म्हणजे नुसता ओरखडा असला तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नेऊन लस सुरू करायची आणि डॉक्टर सांगतील त्या तारखांना सर्व मात्रा पुऱ्या करायच्या. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, पण ते दहा दिवस पाहू आणि मग लस घेऊ, असे करायचे नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. कुत्र्याला पिलू असताना तिसऱ्या महिन्यात आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे लस टोचलेली नसेल, तर ती आधी टोचून घ्या. शिकवण्याच्या गोष्टी त्यानंतर.

आता मूळ प्रश्न. पत्र मी दोनदा वाचले. कुत्र्याविषयी त्यात जेवढे आहे, त्याहून जास्त घरातल्या माणसांविषयी आहे, आणि उत्तर तिथेच सापडते.

बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. घरी आणल्यावर आठ दिवसांत आपल्याला कळते की याला नुसता जिभेचा आवाज पुरतो, त्याला पराणी दाखवावी लागते आणि तिसऱ्याला पराणी दाखवली तर तो बिथरून बांधावर चढतो. जोडी जुळवताना तर आपण स्वभावच पाहतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र पिलू आणले, दोरी बांधली, शिळी भाकरी टाकली की काम झाले, असे आपण धरून चालतो. कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच, ही म्हण वर तयार असते. शेपूट वाकडे राहते हे खरे. पण वाकड्या शेपटीचा कुत्राही हाकेसरशी येऊन उभा राहतो, हे कोणत्याही धनगराच्या तळावर जाऊन पाहावे.

कुत्र्या-कुत्र्यांत स्वभाव निराळा असतो, ही काही आपल्या मनाची समजूत नव्हे. रशियातील शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर अनेक वर्षे प्रयोग केले. खाण्याच्या आधी ठराविक इशारा दिला की पुढे नुसत्या इशाऱ्यावर कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांचे काम शाळेच्या पुस्तकातही असते. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला मोठा पूर आला आणि पाणी त्यांच्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यांत शिरले. कुत्र्यांना बुडता बुडता ओढून काढावे लागले. नंतर असे दिसले की काही कुत्रे जसेच्या तसे राहिले, आणि काहींचे शिकवलेले सगळे पुसून गेले. पुढे त्यांतल्या एकाच्या खोलीत दाराखालून नुसते थोडे पाणी सोडले, तरी तो पुन्हा ढासळला. पूर एकच, शिकवणारी माणसे तीच, खाणेही तेच. फरक होता तो कुत्र्यांच्या जातीचा नव्हे, ज्याच्या त्याच्या घडणीचा.

आपल्याकडच्या पिलाची घडण ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ते अंगणात खेळत असताना दहाबारा हातांवर एक पत्र्याची थाळी पाडा. एक पिलू दचकते, थांबते आणि मिनिटभरात थाळी हुंगायला येते. हे राखणीला उत्तम. एक सरळ थाळीवरच झेप घेते. ते धीट खरे, पण त्याला लवकर वळण लावावे लागते, नाहीतर ते घरावर राज्य करते. तिसरे जे पळते, ते जात्याखाली शिरते आणि बोलावले तरी येत नाही. याला ओरडून, मारून काही शिकवता येत नाही. जितके ओरडाल तितके ते आत शिरते. नेऱ्याच्या भाऊंचा कुत्रा मला या तिसऱ्यातला वाटतो. वायर चोरीला गेली त्या रात्री तो जे वागला त्यावरूनच.

येथे पुष्कळांना नवल वाटेल. भित्रा कुत्रा चावतो कसा? तोच जास्त चावतो. मोकळा असला की तो पळून जातो. साखळीला बांधला की पळायची वाट बंद, मग समोर येणाऱ्याला दूर ठेवायला त्याच्याजवळ दातच उरतात. अंगावर धावणे म्हणजे शौर्य नव्हे, ती भीती आहे. चावण्याआधी तो सांगतही असतो: कान मागे पडतात, शेपूट पोटाखाली जाते, उगीचच ओठ चाटतो, जांभई देतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो, मग गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल कुत्र्याला कधी मारू नये. मारले तर गुरगुरणे बंद होते, भीती तशीच राहते, आणि असा कुत्रा पुढे न सांगता चावतो. आजोबांनी साखळी आणखी आखूड केली, तर पुढचा मुलगा पोटरीवर सुटेल याची खात्री नाही.

शिवाय हे कायद्यातही बसत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा जो कायदा १९६० साली झाला, त्यात फार आखूड वा जड साखळीने जनावर जास्त वेळ बांधून ठेवणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणे, हे दोन्ही गुन्हे सांगितले आहेत.

आता घरची माणसे. कुत्रा आपले बोलणे फारसे समजत नाही, पण आपले अंग तो पोथीसारखा वाचतो. जनावर माणसाला किती बारकाईने वाचते, याची एक घोड्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत बर्लिनला एका मास्तरांचा घोडा गणिते सोडवतो म्हणून गाजत होता. बेरीज विचारली की उत्तराइतके ठोके खुराने मारून थांबायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने दाखवून दिले की घोड्याला गणित येत नव्हते. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्या माणसाचे डोके किंचित हलायचे, अंग सैल पडायचे, आणि घोडा ते पाहून थांबायचा. मास्तरांना स्वतःलाही त्याचा पत्ता नव्हता.

आपल्या अंगणात रोज हेच घडते. फाटकापाशी अनोळखी माणूस दिसला, की 'आता हा धरणार' या धास्तीने आपण साखळी आवळतो, श्वास रोखतो आणि "ए, गप्प!" म्हणून ओरडतो. कुत्रा काय शिकतो? माणूस आला की धनी घाबरतो, म्हणजे येणारा वाईटच. मग तो दुप्पट भुंकतो. ज्या घरात धनी सैल हाताने दोरी धरून पाहुण्याशी दोन शब्द बोलतो, तिथला कुत्रा दोनदा भुंकून बसतो. माझे अर्धे आयुष्य लोकांच्या अंगणात शिरण्यात गेले आहे. अधिकाऱ्याची गाठ आधी कुत्र्याशी पडते, मग शेतकऱ्याशी, आणि बहुतेक वेळा दोघांची सलामी एकसारखी असते.

या घरात आजोबा काठी दाखवतात, घरची बाई चोरून दूधभात घालते, भाऊ शेतातून दमून येतात ते त्याच्याकडे पाहतच नाहीत, आणि मुलगा त्याला 'कम', 'सिट' म्हणतो. कुत्र्याला चार धनी आणि चार कायदे! यात कुणी वाईट नाही. रागीट माणसाने एकदम मवाळ व्हावे, असेही मी म्हणणार नाही. ते जमत नाही. कामे स्वभावाप्रमाणे वाटून घ्या. ज्यांचा आवाज मोठा आहे त्या आजोबांनी शिकवायला बसू नये. त्यांनी रोज सकाळचे खाणे स्वतःच्या हाताने द्यावे, एवढेच. काठी दिसणारा हात भाकरी देऊ लागला की कुत्र्याचा निम्मा ताण उतरतो. शिकवण्याचे काम शांत माणसाने करावे, आणि पत्रावरून ती घरची बाईच दिसते. दूधभात चोरून नको, कामाच्या बदल्यात द्यावा.

शब्द चारच घ्या: ये, बस, थांब, सोड. घरात सगळ्यांनी तेच वापरायचे. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे पुरतात. बक्षिसाला भाकरीचा तुकडा चालतो, पण आपल्या कोकणात सुकटीसारखे बक्षीस नाही. चिमूटभर पुरते, वासाने कुत्रा लांबून येतो. खारवलेली मासळी मात्र नको. 'ये' म्हणून बोलावून लगेच साखळी कधी अडकवू नका आणि 'ये' म्हणून बोलावून कधीही मारू नका; तसे केले तर त्या शब्दाचा अर्थच त्याच्यापुरता 'पळ' असा होतो. शाबासकी असो वा दटावणी, ती त्याच क्षणी. कोंबडी मारल्यावर तासाभराने मार दिला, तर तो मार कोंबडीबद्दल आहे हे त्याला कळत नाही, धनी लहरी आहे एवढेच कळते.

साखळी काढून दोन खांबांत तार ताणा आणि तारेत कडी घालून तिला दोरी बांधा, म्हणजे त्याला अंगणभर फिरता येईल. जागा फाटकापासून दूर, सावलीत, पाणी जवळ. येणाऱ्याजाणाऱ्याने त्याच्याकडे न पाहता, त्याच्या अंगावरून हात न फिरवता, लांबून सुकट टाकून पुढे जावे. घाई करू नका, हे आठवड्याचे काम नाही. मुलांना त्या वर्तुळात एकटे सोडू नका. कोंबड्यांबाबत स्पष्ट सांगतो: ज्याने तीन मारल्या, त्याच्यावर मोकळे असताना पुन्हा विश्वास ठेवू नये. जाळी खालून पुरून घ्या, ते शिकवण्यापेक्षा स्वस्त पडते.

मुलाच्या त्या शिकवणाऱ्याविषयी. चांगली माणसे आहेत त्या धंद्यात. पण महिनाभर येऊन कुत्र्यालाच शिकवून जाणारा नको. कुत्रा त्याचे ऐकेल आणि तुमच्याकडे पाहत राहील. घरच्यांना उभे करून शिकवणारा असेल तरच पैसे द्या.

नवे पिलू आणणारांसाठी थोडे. अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर या दोघांनी बरीच वर्षे कुत्र्यांच्या पिलांचा अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिलू ज्यांना पाहते त्यांना आपले मानते, आणि पुढे जे नवे दिसेल त्याला बिचकते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आता आपला हिशेब पाहा. गावठी कुत्री भादव्यात माजावर येते, दोन महिन्यांनी विते, म्हणजे पिलांचे हे आठवडे नेमके भाताच्या झोडणीत पडतात. खळ्यावर माणसे, बैल, टेम्पो, बायाबापड्या, पोरे, सगळे असते. त्या दिवसांत सातआठ आठवड्यांचे पिलू टोपलीत घालून खळ्यावर न्या. हेल्मेट घातलेला मोटारसायकलवाला, छत्री, गणवेशातली मुले, कोंबड्या, सगळे त्याला दाखवा. पुढे रविवारी धोदाण्याच्या वाटेने माथेरान चढायला पाठीवर पिशव्या घेऊन मुंबईची पोरे जातात, त्यांना पाहून ते वेडेपिसे होणार नाही. पिलू आईपासून सातआठ आठवड्यांच्या आत तोडू नका. आणि हौसेने कारवानी आणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, तो धावण्यासाठी जपलेला कुत्रा आहे. परक्याचा हात त्याला आवडत नाही आणि खांबाला बांधला तर तो सुकतो. आपल्या अंगणाला आपला गावठी बरा.

भाऊ, देऊन टाकण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. चावरा कुत्रा दुसऱ्याच्या गळ्यात घालणे म्हणजे तो मुलगा दुसऱ्या गावचा होणे, इतकेच. तीन महिने वर सांगितल्याप्रमाणे करा. त्या काळात तो पुन्हा कुणाला धरू लागला, तर वाट न पाहता तालुक्याच्या पशुवैद्यकांना दाखवा; कान, दात, हाड दुखत असले तरी कुत्रा असा वागतो, आणि ते आपल्याला बाहेरून कळत नाही. तीन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. आजोबा भाकरी हातात घेऊन अंगणात आले, की कुत्रा त्यांच्यापासून किती हातांवर येऊन थांबतो, तेवढे त्यात जरूर कळवा.