दहा अश्वशक्तीची वेस

१/ अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेलगत, ‘बाउंडरी वॉटर्स’ हा हजाराहून अधिक सरोवरांचा अरण्यप्रदेश आहे. बहुतेक सरोवरांत मोटरनौकेस मज्जाव. मोजक्या सरोवरांत मर्यादित मुभा: स्नोबँकवर २५ अश्वशक्तीपर्यंत, क्लिअरवॉटरवर केवळ १०.

२/ १९०९ मध्ये ओले एव्हिनरूड यांनी बाजारात आणलेले, नावेच्या मागे अडकवायचे इंजिन जेमतेम दीड अश्वशक्तीचे होते. पुढे इंजिनांचे बळ वाढत गेले आणि सरोवरांची शांतता धोक्यात आली.

३/ १९६४ च्या वाइल्डरनेस कायद्याने येथील मोटरनौकांना सवलत ठेवली. वाद चिघळला. १९७७ मध्ये ईली गावातील सुनावणीवेळी निसर्गलेखक सिगर्ड ओल्सन यांचा पुतळा फासावर लटकवला गेला. ओल्सन त्याच गावचे रहिवासी!

४/ ऑक्टोबर १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने सरोवरनिहाय मर्यादा ठरविल्या. आक्षेप आजही तोच: दहा चालते, मग अकरा का नको?

५/ या आकड्यामागे काटेकोर शास्त्र नाही, हे मान्य. तरीही माझ्या मते ही मर्यादा शहाणपणाची आहे. वेग मोजण्यास भर पाण्यात पहारा हवा. इंजिनाची शक्ती काठावरच तपासता येते. मासेमाराचा गळ सुटत नाही आणि वल्हेकऱ्याची नावही लाटांनी हेलकावत नाही.

६/ मात्र या तहाची किंमत मासेमारांच्या पर्यटनावर जगणाऱ्या गावकऱ्यांनी अधिक मोजली. अरण्यरक्षणाचा इतिहास लिहिताना त्यांना केवळ विरोधक म्हणून नोंदविणे अन्यायाचे ठरेल.