हौदाच्या कांठचें अळूं

परसांतील हौदावर पानांची सावली असावी, अशी हौस पुष्कळ घरीं असते. आणि हौस म्हटली कीं प्रथम आठवतें कमळ. आम्हींही तेंच लाविलें. परंतु फणसाच्या सावलींत त्यानें दोन वर्षें नुसतीं पानें दिलीं. पूजेस एक फूल मिळालें नाहीं. कमळास निदान सहा तास ऊन हवें, हें आम्हांस तेव्हां कोठें ठाऊक होतें!

शेवटीं त्याच हौदांत, कांठाशीं, कुंडीवर चार बोटें पाणी राहील अशा बेतानें अळकुड्या लाविल्या. अळवास अर्धवट सावली मानवते. सुपाएवढालीं पानें पाण्यावर झुकलीं. पाणी गार राहूं लागलें, शेवाळ कमी झालें, गप्पी मासे पानांखालीं विसावूं लागले. मात्र सारा हौद झांकूं देऊं नये, आणि पिकलेलीं पानें वेळींच काढावीं. तीं पाण्यांत कुजलीं कीं प्राणवायु घटून मासे मरतात. एका उन्हाळ्यांत आमचे पांच मासे असेच गेले. अळकुड्या भाजीच्या जातीच्याच घ्याव्या. रानटी अळूं तितकेंच देखणें, पण घसा खवखवून जीव नकोसा करितें. (चिंच घालून नीट शिजविल्यावांचून घरचेंही खाऊं नये, हें सुगृहिणींस सांगणें नको.)

गौरींस कमळें आम्ही अद्याप विकतच आणितों. फदफदें मात्र घरचें.