पदरमोडीची सेवा

नाताळच्या आठवड्यात तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एक दृश्य हमखास दिसते. सलाइन लावलेला रुग्ण, त्याच्या पुढ्यात दोन केळी आणि एक सफरचंद, ते एकच सफरचंद मिळून धरलेले चार-पाच हात आणि मागे फ्लेक्स. फ्लेक्सवरचे चर्चचे नाव रुग्णाच्या तोंडापेक्षा मोठे. फोटो निघतो, व्हॉट्सॲपवर जातो आणि सगळे पुढच्या खाटेकडे सरकतात. फळवाटप ही काही ख्रिस्ती लोकांची मक्तेदारी नाही. साहेबांच्या वाढदिवसाला पक्षाचे कार्यकर्तेही तेच करतात. पण उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे ज्यांच्या शास्त्रात बजावले आहे, त्यांनी तरी कॅमेरा घरी ठेवायला हरकत नव्हती.

मौज म्हणजे याच मंडळीतली माणसे उरलेले अकरा महिने जे करतात, त्याचा फोटो कुणी काढत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे बोलण्यातल्या नगर जिल्ह्यातल्या, एखाद्या खेड्यातले चर्च डोळ्यांसमोर आणावे. तीस-चाळीस घरांची मंडळी. पाळकसाहेबांकडे अशा तीन-चार मंडळ्या, त्यामुळे त्यांची मोटारसायकल या रविवारी या गावी, तर पुढच्या रविवारी त्या गावी. ते नसतील तेव्हा मंडळीतले वडील उपासना चालवतात. पेटी, तबला, झांज. ‘उपासना संगीत’मधली गीते आणि त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी. संदेश होतो, अर्पणाची थैली फिरते आणि मग येतात सूचना. पाहुण्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण मंडळीत धुगधुगी आहे की नाही, ते कळते इथेच.

सूचना साधारण अशा असतात. अमक्यांच्या आई सिव्हिलला ॲडमिट आहेत, मुलाला कंपनीतून रजा नाही, तर सोमवारी-मंगळवारी रात्री थांबायला कोण जाईल? गुरुवारची प्रार्थना सभा तमक्यांच्या घरी, त्यांनी फक्त चहा ठेवावा, नाश्त्याचा घाट घालू नये. दफनभूमीत गवत माजले आहे, तरुण संघाने शनिवारी विळे घेऊन यावे. चहाची सूचना वर्षानुवर्षे दिली जाते आणि वर्षानुवर्षे पोहे होतातच. पण सिव्हिलची सूचना वाया जात नाही. महिला मंडळातल्या दोघी तिथल्या तिथे आपसांत ठरवून मोकळ्या होतात.

सिव्हिलमध्ये रात्री थांबणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. केसपेपर सांभाळायचा, सलाइन संपत आले की सिस्टरला हाक मारायची, रात्री अकराला चिठ्ठी हातात पडली की औषधाच्या दुकानाकडे पळायचे, रक्ताची बाटली लागली तर रक्तपेढीच्या खिडकीशी उभे राहायचे. पहाटे थर्मासमधला चहा काढला की शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीलाही अर्धा कप जातो, कारण तिचे माणूस रात्री घरी गेलेले असते. दुसऱ्या दिवशी तिचाही केसपेपर हिच्याच हाती येतो. म्हातारीची जात-धर्म कुणी विचारत नाही आणि तिला कुणी पत्रकही देत नाही. मंडळीच्या अहवालात ‘समाजसेवा’ या मथळ्याखाली फळवाटप येते, ही रात्र येत नाही. खरे तर उलट व्हायला हवे.

महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसे किती? २०११ च्या जनगणनेत १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. त्यातही मुंबई, ठाणे, वसई, पुणे वजा केले की गावोगावच्या मंडळ्यांच्या वाट्याला फार थोडे उरतात. कागद आणि माणूस यांचा मेळही नेहमी बसत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळे रविवारी चर्चमध्ये बसणाऱ्या एखाद्या घराचा शाळेचा दाखला वेगळेच काही सांगतो. मुलाच्या शिष्यवृत्तीचा प्रश्न असतो, त्या बापाला दांभिक म्हणणे सोपे आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढून टाकावी अशी शिफारस २००७ मध्ये केली, तरी अट कायम आहे. सांगायचे एवढेच, की या मंडळ्यांत बहुतेक घरे हातावर पोट असणारी आहेत. ज्याला स्वतःलाच मदतीची गरज आहे, त्याने दुसऱ्याला काय द्यावे, असा प्रश्न इथे उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना मंडळ्यांचा जुना इतिहास थोडा अडचणीत आणतो.

कारण तो इतिहास मोठ्या संस्थांचा आहे. अमेरिकन मराठी मिशन नगरला आले १८३१ मध्ये. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये तिथूनच निघू लागले. मिस सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन बाईंनी आधी मुंबईत आणि १८३९ पासून नगरमध्ये मुलींना शिकवले. त्यांची शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांना पुण्यात मुलींची शाळा काढण्याची उमेद आली. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये इस्पितळ उभे केले. नगरचे मुक्तिफौजेचे, म्हणजे साल्व्हेशन आर्मीचे, बूथ हॉस्पिटल तर २०२० च्या कोरोनात जिल्हाभर पुन्हा माहीत झाले. या कामाचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याची एक सवय मात्र मागे राहिली. पैसा समुद्रापलीकडून येणार, निर्णय बंगल्यात होणार आणि मंडळीने फक्त रांगेत उभे राहायचे, ही ती सवय. ‘मिशन देईल’ म्हणायला शिकलेल्या माणसाला ‘आपण देऊ’ म्हणायला तीन-तीन पिढ्या लागतात.

हे फार आधी टोचले ते टिळकांना. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मिशनच्या कामात वीसेक वर्षे काढली आणि १९१७ मध्ये ती नोकरी सोडली. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही जागा होती. हे मिशनमधल्या अनेकांना पचले नाही. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक गेले आणि दरबार फुलण्याआधीच ओसरला. पण त्यांचा नेम चुकला नव्हता. परक्या पैशावर उभी असलेली सेवा कितीही निर्मळ असली तरी शेजाऱ्याच्या मनात तिच्या हेतूबद्दल पाल चुकचुकतेच. आपल्याच गल्लीतल्या माणसाने पदरमोड करून केलेल्या कामाबद्दल सहसा ती चुकचुकत नाही. शंभर वर्षांपूर्वी हे शहाणपणाचे होते, आज धर्मांतराच्या संशयाने वातावरण गढूळ झालेले असताना ते निकडीचे आहे.

पदरमोड गरिबाला परवडते का? मिझोरामने त्याचे उत्तर दिले आहे. तिथल्या प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१० पासून एक रीत पाळली. स्वयंपाकाला तांदूळ काढले की त्यातले मूठभर बाजूला ठेवायचे, जमले की चर्चमध्ये नेऊन द्यायचे. आज त्या मुठींचे दरवर्षी कोट्यवधी रुपये होतात. आपल्याकडे एवढी शिस्त नसेल, पण बीज आहे.

ते पाहायचे तर कापणीच्या सणाला जावे. उपासनेत वेदीपुढे ज्वारी-बाजरीची कणसे, गव्हाची पोती, अंडी, भोपळे, एखादी पाय बांधलेली कोंबडी. कोंबडी संदेशाच्या मध्येच ओरडते आणि पोरे खिदळतात. उपासना संपली की लिलाव. बोली लावणारा एखादा तोंडाळ मास्तर असतोच. भोपळा घेणारा पैसे मोजतो आणि भोपळा तिथेच परत ठेवतो, म्हणजे पुन्हा बोली. असा एकेक भोपळा तीन-तीनदा विकला जातो. बाजारात ज्याला कुणी पन्नास रुपये देणार नाही, त्याचे इथे पाचशे होतात. ही देण्याची हौस आहे आणि ती अजिबात परदेशी नाही. प्रश्न एवढाच, की त्या पैशाचे पुढे काय होते. बहुतेक वेळा रंगरंगोटी, फरशी, नवा माइक. यातला निदान काही वाटा भिंतीबाहेर जायला हवा.

भिंतीबाहेर म्हणजे कसा, हे नगर जिल्ह्यातच जामखेडला दिसले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघे ख्रिस्ती, वेल्लोरला शिकलेले डॉक्टर १९७० मध्ये तिथे आले. जामखेडलाही सुरुवातीला बाहेरची मदत होती, हे खरे. पण ती वापरण्याची रीत वेगळी होती. शिकलेल्या नर्स खेड्यात टिकेनात, तेव्हा त्यांनी गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. यातल्या अनेकजणी निरक्षर होत्या, अनेक दलित. आठवड्यातून एकदा जामखेडला यायचे, शिकायचे, परत जाऊन गावात बाळंतपणे करायची, बाळांची वजने घ्यायची. दुष्काळात बोअर घेण्याची वेळ आली, तेव्हा भूजलतज्ज्ञाने पाण्याच्या जागा दलित वस्तीत दाखवल्या. त्या तशा दाखवल्या जाव्यात, याची तजवीज आरोळ्यांनी आधीच केली होती आणि पुढे आपल्या पुस्तकात ती मिस्कीलपणे कबूलही केली. सवर्णांना पाण्यासाठी त्या वस्तीत यावे लागले. १९७९ चे मॅगसेसे पारितोषिक या दाम्पत्याला मिळाले ते उगाच नव्हे.

तीस घरांची मंडळी जामखेड उभे करू शकणार नाही, तिने तसा आवही आणू नये. मात्र जामखेडची एक गोष्ट तिला फुकट उचलता येते. मदत घेणाऱ्याला मदत देणाऱ्याच्या जागी बसवायचे. महिला मंडळाने शिवणवर्ग काढला, तर पहिल्या तुकडीतली मुस्लिम किंवा मराठा मुलगी पुढच्या तुकडीची बाई व्हावी. दहावीच्या मुलांना चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी अभ्यासाला बसू दिले, तर हॉलची किल्ली आळीपाळीने पालकांकडे असावी, ते पालक कुणीही असोत. आणि अशा ठिकाणी प्रार्थनेची अट नसावी. उघड नाही आणि गुळमुळीतही नाही. श्रद्धा सांगायला रविवार आहे, चर्चचे दार उघडे आहे. शिवणयंत्राच्या किंवा औषधाच्या आडून ती सांगू गेले की श्रद्धाही हलकी होते आणि मदतही. काही उत्साही नव्या प्रार्थनागटांना हे रुचणार नाही, पण गावात त्यांच्या उत्साहाची किंमत जुन्या मंडळ्यांना मोजावी लागते.

शेजाऱ्यांची बाजूही कोरडी नाही, हे सांगायला हवे. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मरिया हिची, यात्रा भरते. नारळ, हार, मेणबत्त्या घेऊन येणाऱ्या लोकांत सगळ्या धर्मांचे भाविक असतात. नवस ख्रिस्ती बाईचा कुठला आणि हिंदू बाईचा कुठला, हे त्या गर्दीत कुणाला ओळखू येणार? प्रॉटेस्टंट मंडळींना यात्रा-नवस पटत नाहीत, तो वाद जुना आहे. तरी लोक मोकळ्या मनाने आपल्या अंगणात येतात, ही पुंजी कॅथलिकांनी राखली आणि प्रॉटेस्टंटांनी दुर्लक्षिली, असे म्हणणे फार चुकीचे ठरणार नाही. कधीकाळी ख्रिस्ती कीर्तने ऐकायला गावकरी जमत. टाळ, पेटी, पूर्वरंग-उत्तररंग, सगळे मराठी. आता अनेक ठिकाणी त्या जागी कीबोर्ड, धुराचे यंत्र आणि हिंदी-इंग्रजी गाणी आली आहेत. पोरांना आवडतात, म्हणून त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण ती ऐकायला शेजारचा शेतकरी येत नाही, एवढे खरे.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि तो नाजूक आहे. १९७० मध्ये नागपूरला वेगवेगळ्या पंथांच्या एकत्रीकरणातून उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. मिशनांनी मागे ठेवलेल्या शाळा, बंगले आणि शहराच्या मध्यावरचे कंपाउंड यांचा वारसा अशा ठिकठिकाणच्या मंडळ्यांकडे आणि त्यांच्या ट्रस्टांकडे आला. वारसा आला की वाटण्या आल्या आणि वाटण्यांमागून तारखा. धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत मंडळीतले वडील हेलपाटे घालतात, तेव्हा सिव्हिलला रात्री थांबायला जायला त्यांना वेळ नसतो. ते काम बायका करतात आणि कमिटीत बहुधा पुरुष बसतात.

म्हणून एक साधी सुधारणा सुचवावीशी वाटते. मंडळीच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो. वीजबिल, पाळकांचा पगार, नाताळचा मंडप अशा नोंदी असतात. त्यात आणखी दोन रकमा वेगळ्या लिहून, एकीखाली एक, मोठ्याने वाचाव्यात. एक, वर्षभरात वकिलावर गेलेली. दुसरी, मंडळीबाहेरच्या माणसांवर गेलेली. जमाखर्च वाचायचे काम त्या वर्षी खजिनदाराऐवजी महिला मंडळातल्या, सिव्हिलला सर्वांत जास्त रात्री काढलेल्या बाईंकडे द्यावे आणि त्यांनी प्रश्न विचारले तर उत्तरे द्यायला कमिटीने सभा संपेपर्यंत बसून राहावे.