कमावत्या विधवेचाही हक्क



बालविधवा महदंबेने धवळे रचले ते आपल्या रिद्धपुरात. पण नोकरी करणाऱ्या विधवेला आजही ऐकावे लागते, ‘तू तर कमावतेस, तुला पेन्शन कशाला?’

हा घोळ मुद्दाम समजून घेऊ. निराधार योजनेला उत्पन्नाची अट आहे. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत विधवेला तशी अट नाही. नवरा सभासद असताना वारला, तर स्वतःचा पगार असूनही तिला पेन्शन मिळते. दोन मुलांनाही २५ वर्षांपर्यंत. पुनर्विवाहाने तिची पेन्शन थांबते, कमावण्याने नव्हे.

२०१४ साली ठरलेले दरमहा किमान १,००० रुपये तुटपुंजेच. तरी ती भीक नाही. नवऱ्याच्या श्रमांवर मालकाने भरलेला वाटा आहे. १०-डी अर्ज भरायला बाईला एकटीला पाठवू नका.