ताण शिक्षकाचा, तास कुणाचा?

शिक्षकांच्या ताणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. पहिलं चेष्टेचं: सरकारी पगार, दिवाळीची सुट्टी, उन्हाळ्याची सुट्टी, यांना कसला आलाय ताण? दुसरं सहानुभूतीचं आणि म्हणून जास्त फसवं: ताण आहे ना, मग प्राणायाम करा, सकारात्मक राहा, एक दिवसाच्या कार्यशाळेला या. पहिल्याला ताण दिसतच नाही. दुसऱ्याला दिसतो, पण तो शिक्षकाच्या डोक्यात दिसतो, त्याच्या दिवसात नाही. या दोन्हींच्या जोडीला एक तिसरी समजूत खुद्द शिक्षकांमध्ये रुजली आहे, की सर्वसमावेशक वर्ग, आनंददायी शिक्षण वगैरे म्हणजे आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक गोणी. माझं म्हणणं असं, की शिक्षकाचा ताण आणि मागे पडणारं मूल हे दोन प्रश्न नाहीतच. ती एकाच गाठीची दोन टोकं आहेत, आणि ती गाठ शाळेच्या वेळापत्रकात बसली आहे.

चेष्टेचं उत्तर आधी निकालात काढू. नवा प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढतो, आणि 2023 पर्यंत ते मानधन महिना 6 हजार रुपये होतं, हे चेष्टेखोरांच्या गावीही नसतं. पगाराचं महत्त्व जोतीराव फुल्यांनी ओळखलं होतं. 1882 साली हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षकाला किमान 12 रुपये पगार मागितला. पण त्याच निवेदनात शिक्षक शेतकरी समाजातला, लोकांत मोकळेपणाने मिसळणारा असावा, हेही होतं. शिक्षकाची परिस्थिती आणि मुलाला शाळा आपली वाटणं, हे त्यांनी एका दमात मांडलं. आपण त्याची दोन वेगळी खाती केली. तरीही नुसत्या पगाराने ताण जात नाही. रॉबर्ट कॅरासेक या अभ्यासकाने 1979 साली कामाच्या ताणाबद्दल एक साधी मांडणी केली: माणूस केवळ कामाच्या ढिगाने खचत नाही, ढीग मोठा आणि तो कसा, केव्हा उपसायचा हे ठरवण्याचा अधिकार मात्र नाही, या जोडीने खचतो.

आता जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेतली सकाळ या मांडणीवर ठेवून पाहा. परिपाठ संपतो न संपतो तोच केंद्राच्या व्हॉट्सअॅप गटावर पत्र पडतं: माहिती आज दुपारी बारापर्यंत, विहित नमुन्यात. तिकडे पोषण आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा आहे, मुलामागे 100 ग्रॅम. खिचडी शिजली की मुलांआधी चाखून चव नोंदवहीत नोंद करायची आहे. एका मुलाचं आधारवरचं नाव शाळेच्या रजिस्टरशी जुळत नाही, म्हणून ऑनलाइन नोंद अडकली आहे. दुसरे गुरुजी मतदार यादीच्या कामाला गेलेत, म्हणून चारही इयत्ता एका खोलीत आहेत. यातलं एकेक काम घेतलं तर फारसं अवघड नाही. पण खडू हातात घेतला की तो केव्हा खाली ठेवावा लागेल, हे शिक्षकाला सांगता येत नाही. ताण म्हणतात तो इथे आहे.

मग प्राणायामाने काहीच होत नाही का? होतं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांत झालेल्या एका नियंत्रित चाचणीत सजगतेच्या प्रशिक्षणाने शिक्षकांचा मानसिक त्रास कमी झाला आणि वर्गातलं वातावरणही काहीसं सुधारलं. ज्याला जमेल त्याने जरूर करावं. आक्षेप आहे तो गळक्या छपराखाली घमेली मांडत बसण्याला, आणि छपराचं नावही न काढण्याला. (शिवाय त्या कार्यशाळेचा दिवसही शाळेतूनच जातो, आणि दुसऱ्या दिवशी तिचे फोटो आणि अहवाल मागितले जातात, ते वेगळंच.) कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात चौथी ते सातवीच्या चारशेहून अधिक मुलांचा एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. शिक्षक जितका थकलेला, तितकं त्याच्या वर्गातल्या मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, सकाळी जास्त आढळलं. कुणामुळे कोण, हे या अभ्यासाने सिद्ध होत नाही. विस्कटलेला वर्गही शिक्षकाला थकवत असेल. मला तीच शक्यता अधिक विचार करण्याजोगी वाटते.

कारण वर्ग थकवतो तो कसा? तिसरीच्या फळ्यावर 42 वजा 17 लिहिलेलं आहे. काही मुलं 25 लिहितात, बरीच 35. ज्याने 35 लिहिले त्याने हलगर्जीपणा केलेला नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले. त्याच्यापाशी नियम आहे, फक्त चुकीचा आहे. त्याच्या हातात दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या द्या आणि सतरा काढून दे म्हणा. एक गठ्ठा सोडावाच लागतो, आणि दशक मोडणं म्हणजे काय ते बोटांना आधी कळतं. शेजारच्या मुलाला मात्र 42 वाचताच येत नाही, त्याला ही वजाबाकी दहादा समजावणं फुकट. दिवाळीनंतर आईबापांच्या कोयत्याबरोबर उसाच्या फडावर गेलेली मुलगी हा धडा झाला तेव्हा गावातच नव्हती. मेळघाटातल्या कोरकू मुलाला हिशोब येतो, उदाहरणाचं मराठी अडतं. या चौघांना एकच धडा एकाच वेगाने शिकवायचा म्हणजे आवाज चढवायचा, पुन्हा सांगायचं, रागवायचं आणि संध्याकाळी हात रिकामे घेऊन घरी जायचं. ‘आपल्या हातून काही होत नाही’ ही भावना क्रिस्टिना मास्लाक यांनी कामाच्या थकव्याच्या तीन लक्षणांत धरली आहे. सर्वांना धरून न चालणारा वर्ग मुलांवर अन्याय करतो हे आपण नेहमी म्हणतो. तो शिक्षकालाही पोखरतो हे म्हणत नाही.

यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे: पटलं, पण अभ्यासक्रम कोण पुरा करणार? इथे पुरावा बोलका आहे. मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं बसवून त्यांच्या पातळीचं शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत या मुलांची चांगली प्रगती दिसली. उरलेल्या मुलांचा वर्ग लहान झाला, पण त्यांना त्याचा खास फायदा झाला नाही. म्हणजे नुसता पट कमी करून भागत नाही, शिकवणं मुलाच्या पायरीवर उतरावं लागतं. पुढे हीच पद्धत सरकारी शिक्षकांच्या हाती दिली, तेव्हा नेहमीच्या शाळेत ती बहुधा अभ्यासक्रमाच्या घाईत बुडाली. बिहारमध्ये मात्र सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी शिबिरांत ती यशस्वी करून दाखवली. आणि हरयाणात शाळेच्या दिवसातच एक तास त्यासाठी राखून ठेवला, देखरेख करणाऱ्यांनी आधी ती पद्धत स्वतः वापरून पाहिली, तेव्हा तिथेही मुलांचं वाचन सुधारलं. वाण कमअस्सल नव्हतं, वाफा नव्हता. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, तेव्हाही त्यांनी आधी मुलाच्या दिवसाकडे पाहिलं आणि मग शाळेची वेळ ठरवली.

अर्थात पातळीनुसार गट पाडले की सगळं साधतं, असा दावा मी करत नाही. गट कायमचे झाले तर ती नवी जातच. ते विषयाविषयाला आणि महिन्यामहिन्याला बदलले पाहिजेत. दिव्यांग मुलांचा प्रश्न तर नुसत्या गटांनी सुटत नाही. 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 21 केले, त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही आली, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर केंद्र सरकारने 2022 साली प्राथमिक स्तरावर अशा 10 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिलं. तो शिक्षक न देता ‘समावेशन करा’ असं वर्गशिक्षकाला सांगणं म्हणजे आपली जबाबदारी परिपत्रकाने दुसऱ्याच्या गळ्यात बांधणं. आणि ‘गटात बसवलं की गोंगाट होतो, शिस्त जाते’ या तक्रारीला एवढंच उत्तर पुरे, की सोडलेल्या गठ्ठ्यातल्या काड्या मोजणाऱ्या मुलांचा गलबला आणि रिकाम्या वर्गातला दंगा यांतला फरक व्हरांड्यातूनही ऐकू येतो.

हरयाणासारखा राखीव तास आपल्या वेळापत्रकातही ठेवायचा म्हटलं, तर शेवटचा आक्षेप प्रशासनाचा: शिक्षकांना असा मोकळा तास दिला तर तो गप्पांत जाईल, आणि निवडणुका मग कुणी घ्यायच्या? निवडणुका, दशवार्षिक जनगणना आणि आपत्ती निवारण ही कामं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नेच शिक्षकांना लावली आहेत. त्यांना नाही म्हणता येत नाही. पण यादी तिथेच संपते. मतदार याद्यांचं काम शिक्षकांनी सुट्टीच्या दिवशी आणि शाळेच्या वेळेबाहेर करावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्येच म्हटलं आहे. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला 45 तास लिहिले आहेत, ते पाठाच्या तयारीसह. म्हणजे उद्याच्या काड्यांचे गठ्ठे बांधणं, 35 लिहिलेल्या वह्या वेगळ्या काढणं हा मोकळा वेळ नव्हे, तो कायद्याने मोजलेला कामाचा वेळ आहे. तास वाया जाईल अशी भीती असेल तर केंद्रप्रमुखाने त्या तासाला येऊन एका गटात स्वतः बसावं. महिन्याच्या शिक्षण परिषदेत सूचना वाचून दाखवण्याऐवजी तिथे काय पाहिलं ते बोलावं. आणि शाळेत इतक्या नोंदवह्या आहेतच, तर आणखी एक घालू: या राखीव तासात कोणत्या कार्यालयाने कोणती माहिती मागवली, किती वाजता आणि कुणाच्या सहीने. गटशिक्षणाधिकारी शाळाभेटीला येतील तेव्हा चव नोंदवहीच्या आधी ती त्यांच्यापुढे ठेवावी.